मुक्तीची तारीख

आज आपण 'साक्ष' या प्रकाराकडे टीकाकाराच्या नजरेनं बघणार आहोत. अंधेरी, मुलुंड, बोरिवलीकडे राहणाऱ्यांना तो परका नाही. रविवारी एखाद्या शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला असतो, प्रार्थना होते, मग कोणीतरी उभं राहून सांगतं: आजारी होतो, व्यसनात होतो, प्रभूला शरण गेलो, बरा झालो. आधी अंधार, मग एक दिवस, मग उजेड. त्या दिवसाची तारीखही सांगितली जाते.

आम्ही याची थट्टा करणार नाही. घरात जिचं कोणी ऐकत नाही अशी बाई शंभर माणसांसमोर स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलते, ही लहान गोष्ट नव्हे. आमची तक्रार साच्याबद्दल आहे. जो बरा झाला नाही त्याला या साच्यात जागाच नाही. त्याचा विश्वासच कमी पडला, असा अर्थ आपोआप निघतो. मग तो दुखण्याबरोबर अपराधाचं ओझंही वाहतो; कधी विश्वास सिद्ध करायचा म्हणून औषधच सोडतो. इथे टीका वाङ्मयापुरती राहत नाही, बरं का.

आता लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. 1934 पासून भागाभागानं प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक आपण बहुतेकांनी विनोदासाठी वाचलेलं असतं. साक्ष म्हणून वाचून बघा. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोच्या बाजूनं पाहिलं तर हा दिवस उजेडाचा नाही, घर मोडल्याचा आहे. पुढची काही वर्षं ताटातूट, नातेवाइकांकडे राहणं, दुःखानं वेड लागायची पाळी. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 सालचा.

पण सुटका त्या दिवशी झाली का? आमच्या मते, नाही. ती आधीच झाली होती. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं; बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घरात! अशा घरात वाढलेली ही बाई नवरा ख्रिस्ती झाल्यावरही आपलं सोवळं सांभाळते. आणि मग स्वतःलाच विचारते, जात देवानं केली की माणसानं? माणसानं, असं उत्तर मिळतं, आणि ती कोणाच्याही हातचं खायला मोकळी होते. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडतं. बंधनमुक्ती या शब्दाला तत्त्वज्ञानात जो अर्थ आहे, तो इथे स्वयंपाकघरात उतरलेला दिसतो.

दुसरं असं की, साक्षीच्या साच्यातला टिळक बाप्तिस्म्यानंतर शांत, संयमी झाला असता. पुस्तकातले टिळक तसेच राहतात: तापट, विसराळू, घरखर्चाचे पैसे दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे. लक्ष्मीबाई हे झाकत नाहीत. ज्या माणसामुळे इतकं सोसलं त्याच्यावर, आणि स्वतःच्या खुळेपणावर, त्यांना हसता येतं. त्या बऱ्या झाल्याचा याहून मोठा पुरावा आम्हाला पुस्तकात सापडत नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट अजून गुंतागुंतीची आहे. बाप्तिस्मा 1883 साली, इंग्लंडमध्ये वाँटेज इथे. पण पुढच्या दोन वर्षांतली पत्रं पाहा. सिस्टर जेराल्डीनला रमाबाई ठणकावतात, की एका पुरोहितशाहीचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही. म्हणजे सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य होतं, पण शांती नव्हती. ती लाभली 1891 च्या सुमारास, असं त्या स्वतः पुढे सांगतात. ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त नंतर. मध्ये आठ वर्षं! आणि दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगावला घर उभारलं तेव्हा नाव काय निवडलं? मुक्ती. आपल्या दर्शनांत मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. केडगावला मुक्ती म्हणजे पोटभर अन्न, अक्षरओळख, हाताला काम, आणि प्रार्थना. शब्द जुनाच, पण त्यात जगायची सोय आली.

श्रद्धेनं बरं वाटतच नाही, असं आमचं म्हणणं आहे का? मुळीच नाही. या दोघींना श्रद्धेनं उभं केलं, हे नाकारणं म्हणजे पुस्तकं न वाचणं. पण उभं राहायला वर्षं लागली, आणि त्या वर्षांत शंका, भांडणं, रडणं सगळं आलं. साक्ष ही वर्षं गाळते. ज्याला अजून बरं वाटत नाही त्याला नेमकी तीच ऐकायची असतात.

टिळकांची सुटकाही 1895 ला संपली नाही. तुकारामाच्या वाटेनं आपण ख्रिस्ताकडे आलो असं मानणाऱ्या या माणसानं 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी! 1919 मध्ये ते वारले, दरबार मागे पडला. 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. टिळकांचे अध्याय दहा, लक्ष्मीबाईंचे चौसष्ट. त्याबद्दल पुढच्या व्याख्यानात बोलू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.