पोशाखांची किंमत आणि संग्रहाचे मोल

१८ जून २०११ रोजी बेव्हर्ली हिल्स येथील पेली सेंटरमध्ये एका खाजगी संग्रहाचा लिलाव झाला. अभिनेत्री डेबी रेनॉल्ड्स यांनी चार दशके जपलेले हॉलिवूडच्या चित्रपटांतील पोशाख आणि वस्तू ‘प्रोफाइल्स इन हिस्टरी’ या संस्थेने विक्रीला काढल्या होत्या. एका दिवसात सुमारे २ कोटी २८ लाख डॉलर जमा झाले. सर्वांत मोठी बोली मर्लिन मन्रोच्या पांढऱ्या पोशाखाला लागली. ती ४६ लाख डॉलरवर थांबली आणि कमिशन धरून रक्कम ५६ लाखांच्या घरात गेली. या लिलावाबद्दल जे लिहिले गेले त्यात मला दोनच सूर आढळतात: एका अभिनेत्रीचे स्वप्न भंगल्याची हळहळ, नाहीतर आकड्यांचे कौतुक. पण हा संग्रह मुळात काय होता आणि त्यातले नेमके काय विकले गेले, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

संग्रहाचा जन्मही लिलावातच झाला होता. १९६९ मध्ये किर्क कर्कोरियन या उद्योगपतीने एमजीएम ताब्यात घेतली. त्याचे लक्ष लास व्हेगासच्या हॉटेलांकडे होते. स्टुडिओतील पोशाख, फर्निचर, नेपथ्याचे सामान एका लिलावदाराला सुमारे १५ लाख डॉलरला देऊन टाकण्यात आले आणि मे १९७० मध्ये त्याने अठरा दिवस लिलाव पुकारून ते विकले. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधील लाल टिकल्यांचे बूट त्या वेळी १५ हजार डॉलरला गेले. कंपनीच्या लेखी ही अडगळ होती. ‘सिंगिंग इन द रेन’च्या चित्रीकरणाच्या वेळी जेमतेम एकोणीस वर्षांच्या असलेल्या रेनॉल्ड्स याच स्टुडिओत घडल्या होत्या. त्यांनी पदरचे पैसे घालून शेकडो पोशाख घेतले. पुढच्या वर्षी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनेही आपले सामान विकायला काढले आणि संग्रह वाढत गेला.

पुढची चाळीस वर्षे संग्रहालयाच्या खटपटीत गेली. लास व्हेगासमधील त्यांच्या हॉटेलात संग्रहालय उघडले, पण १९९७ मध्ये हॉटेलचेच दिवाळे निघाले. हॉलिवूडमधील बेत तडीस गेला नाही. टेनेसीतील पिजन फोर्ज येथील योजना सुरू होण्याआधीच कोसळली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडेही त्यांनी अनेकदा विचारणा केली होती. शेवटी कर्ज उरले आणि विक्रीवाचून मार्ग राहिला नाही. तेव्हा लिलावाचा दोष त्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. तपासायचा आहे तो लिलाव या व्यवहाराचा निवाडा.

स्टुडिओतील पोशाखाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवर बहुधा कलावंताचे नाव आणि चित्रपटाचा निर्मितीक्रमांक असे. चित्रपट संपला की पोशाख कोठीत जाई. पुढे बाह्या बदलून, कंबर सैल करून तो दुसऱ्या चित्रपटात किरकोळ भूमिकेतल्या नटीच्या अंगावर चढे. हे फेरफार, जुन्या टाक्यांच्या खुणा, उसवून पुन्हा घातलेली शिवण, सगळेच अभ्यासकाच्या दृष्टीने दस्तऐवज आहे. एड्रियन, वॉल्टर प्लंकेट, हेलन रोझ हे रचनाकार आणि त्यांच्या हाताखालचे शिंपी कसे काम करत, हे शंभर पोशाख शेजारी शेजारी ठेवले की कळते. एकटा पोशाख फारसे बोलत नाही.

‘विझर्ड ऑफ ऑझ’चेच उदाहरण घेऊ. या चित्रपटाचे काम आधी रिचर्ड थॉर्प यांच्या दिग्दर्शनाखाली सुरू झाले होते. जुडी गारलंडला सोनेरी केसांचा टोप घातला होता. थोड्याच दिवसांत दिग्दर्शक बदलला, टोप गेला, चित्रीकरण टाकून देण्यात आले आणि डोरोथीचे रूप नव्याने ठरले. रेनॉल्ड्स यांच्याकडे त्या सुरुवातीच्या काळातला एक निळा पोशाख होता आणि टोकाशी अरबी जोड्यासारखे वळलेले चाचणीचे लाल बूटही होते. हे दोन्ही पूर्ण झालेल्या चित्रपटात दिसत नाहीत. एखाद्या कवीच्या हस्तलिखितातील खोडलेल्या ओळींना जे महत्त्व, तेच यांना. डोरोथी हे पात्र एड्रियन यांना लगेच सापडले नव्हते, याचा तो पुरावा आहे. लिलावात पोशाखाला ९ लाख १० हजारांची आणि बुटांना ५ लाख १० हजारांची बोली मिळाली. पण दोन्ही स्वतंत्र क्रमांकांवर विकले गेले. किंमत भरपूर आली. जोडीने जे समजत होते ते मात्र कुणीच विकत घेतले नाही.

मर्लिनच्या पोशाखाची गोष्ट याहून बोलकी आहे. ‘द सेव्हन इयर इच’ (१९५५) साठी विल्यम ट्रॅव्हिला यांनी तो केला. सप्टेंबर १९५४ मध्ये न्यू यॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, गर्दीच्या आणि छायाचित्रकारांच्या साक्षीने, वाऱ्याने उडणाऱ्या झग्याचा प्रसंग चित्रित झाला. नंतर तो स्टुडिओत पुन्हा घेण्यात आला. जगाच्या स्मरणात असलेली ती पूर्णाकृती प्रतिमा चित्रपटात तशी दिसतच नाही. ती आहे प्रसिद्धीच्या छायाचित्रांत. म्हणजे ५६ लाख डॉलर मोजले गेले ते एका छायाचित्राच्या आठवणीसाठी. पांढरे कापड एव्हाना काळाने पिवळसर झाले होते. ट्रॅव्हिलांनी चुण्या कशा घातल्या, म्हणून झगा तसा फुलला, याला त्या बोलीत जागा नव्हती. ‘माय फेअर लेडी’तील सेसिल बीटन यांच्या काळ्या-पांढऱ्या पोशाखाला ३७ लाखांची बोली लागली. बीटन यांना त्या कामासाठी ऑस्कर मिळाले होते. तरीही ऑड्री हेपबर्नचे नाव बाजूला काढले तर बोली किती उरली असती, हे कुणीही सांगू शकेल.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो वजनदार आहे. या आकड्यांमुळेच हॉलिवूडला जाग आली. पुढच्याच वर्षी लिओनार्दो डिकॅप्रिओ, स्टीव्हन स्पीलबर्ग आदींच्या देणगीतून लाल बुटांचा एक जोड अकादमीच्या नियोजित संग्रहालयासाठी घेण्यात आला. ते संग्रहालय सप्टेंबर २०२१ मध्ये उघडले आणि तिथल्या जतन-विभागाला डेबी रेनॉल्ड्स यांचे नाव देण्यात आले. ते पाहायला त्या नव्हत्या. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले होते. चाळीस वर्षांच्या विनवण्यांनी जे झाले नाही ते बोलीने केले, हे मान्य करावेच लागते. पण बोलीने पटवलेली गोष्ट वेगळी होती. रेनॉल्ड्स म्हणत होत्या, हे सगळे एकत्र ठेवा. बाजार म्हणाला, यातले चार-सहा नग अनमोल आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये अशाच लाल बुटांच्या दुसऱ्या एका जोडाला २ कोटी ८० लाख डॉलरची बोली लागली. तो २००५ मध्ये मिनेसोटातील संग्रहालयातून चोरीला गेला होता आणि २०१८ मध्ये सापडला. या किमतीत संग्रहालय एखादा नग घेऊ शकेल. प्लंकेट यांचे पन्नास पोशाख एकत्र आणण्याचा विचारही करू शकणार नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण इथे आठवणे साहजिक आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या हवाली केल्या. त्यांतला सुटा अडकित्ता बाजारात किती आणेल? अडकित्त्यांची आख्खी रांग पाहिली की मात्र कारागिरीचा आणि समाजाचा एक इतिहास उभा राहतो. केळकरांना संग्रह अखंड घेणारे कुणी भेटले, रेनॉल्ड्सना भेटले नाही. फरक एवढाच आहे. आणि तिसरी शक्यताही आपण पाहिली आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली आणि नर्गिसपासूनच्या नायिकांचे पोशाख तीत गेल्याचे कपूर कुटुंबीयांनी सांगितले. तिथे ना किंमत लागली, ना यादी उरली.

निदान यादीच्या बाबतीत लिलावाचे ऋण मानले पाहिजे. २०११ च्या सूचिपत्रात प्रत्येक पोशाखाचे छायाचित्र आणि वर्णन आहे. रेनॉल्ड्स यांचा संग्रह आज काही प्रमाणात तरी एकत्र दिसतो तो तिथेच. चित्रपटांची गाण्यांची पुस्तके, पोस्टरे, छायाचित्रे जपणारे कितीतरी संग्राहक आज महाराष्ट्रात सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या वारसांनी विकण्याआधी निदान एवढे करावे: प्रत्येक वस्तू कुठून आली आणि कशाच्या शेजारी ठेवली होती, हे लिहून काढावे. विक्रीनंतर वस्तू कदाचित पुन्हा सापडेल. तिचे शेजारी सापडणार नाहीत.