पडद्यावरचे बगदाद आणि खांदेरीचा दौलतखान

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की सोनगीरची टेकडी आणि तिच्यावरचा किल्ला लांबूनच दिसतो. फारुकी सुलतान, मोगल, मराठे आणि १८१८ नंतर इंग्रज असे सगळे धनी या किल्ल्याने पाहिले. आता वर फारसे काही उरलेले नाही. गावाचे नाव आज घेतले जाते ते तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी. खरा किल्ला असा रोज डोळ्यांसमोर असताना इथली पोरे तंबू टॉकीजमध्ये प्लायवूडचे किल्ले बघायला धावत. टॉकीज निघून गेल्यावर महिनाभर बाभळीच्या काठ्यांच्या तलवारी चालत. खऱ्या तटापेक्षा खोटा तट त्यांना जवळचा वाटला, याचे कारण शोधावेसे वाटते.

हॉलिवूडच्या ज्या चित्रपटांपासून हे वेड सुरू झाले त्यांना मराठीत धड नाव नाही. 'साहसपट' हा शब्द समीक्षकांचा. आमच्याकडे 'तलवारीचा पिक्चर' म्हणतात आणि तेच बरोबर आहे. डग्लस फेअरबँक्सचा 'द मार्क ऑफ झोरो' १९२० चा, 'द थीफ ऑफ बगदाद' १९२४ चा. पुढे बोलपटात एरॉल फ्लिन आला: 'कॅप्टन ब्लड' १९३५, 'रॉबिन हूड' १९३८, 'द सी हॉक' १९४०. मूळ इंग्रजी चित्रपट आमच्या भागात थेट फारसे पोहोचले नाहीत. पोहोचले ते हिंदीचे कपडे घालून. वाडिया बंधूंच्या 'हंटरवाली'मधली (१९३५) बुरखाधारी राजकन्या ही झोरोचीच बहीण. ती साकारणारी नादिया जन्माने ऑस्ट्रेलियातली, तिचे खरे नाव मेरी इव्हान्स. एक गोरी बाई हातात चाबूक घेऊन जुलमी सरदारांना फोडून काढते आणि गुलाम देशातले प्रेक्षक टाळ्या पिटतात. यातली गंमत त्या काळच्या सेन्सॉरला कितपत कळली असेल कोण जाणे! जमशेद वाडिया हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे. मारामारीच्या मधल्या जागेत ते हिंदू-मुस्लिम एकीचे चार शब्द पेरायला विसरत नसत.

या वंशावळीतला मराठी माणूस म्हणजे मास्टर विठ्ठल. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरातल्या कंपनीत तयार झालेला हा गडी पुढे शारदा फिल्म कंपनीच्या मूकपटांत तलवार घेऊन इतका गाजला की लोक त्याला हिंदुस्थानचा फेअरबँक्स म्हणू लागले. 'आलम आरा'साठी त्याने शारदा सोडून इंपीरिअल कंपनी धरली, शारदाने त्याला कोर्टात खेचले, आणि त्याचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर महंमद अली जिनांनी. खटला विठ्ठलने जिंकला. पण १९३१ साली आपल्या पहिल्या बोलपटाचा नायक झालेल्या या माणसाला पडद्यावर बोलता येईना. त्याची उर्दू चालण्यासारखी नव्हती, म्हणून नायकाला बराच वेळ बेशुद्ध किंवा गप्प ठेवावे लागले असे सांगतात. चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे डोळ्यांनी पडताळून पाहण्याची सोय नाही. मराठी मुसलमानाला मात्र ही गोष्ट ऐकून हसावे की उसासा टाकावा ते कळत नाही. उर्दूच्या मुलखात 'तुमची जबान कच्ची' हे आपणही ऐकलेले असते.

त्याच भूमिकेसाठी आधी एका दुसऱ्या तरुणाचा विचार झाला होता. तो १९२७ च्या मूक 'अलिबाबा'मध्ये चाळीस चोरांपैकी एक होता. त्याचे नाव महबूब खान. नायक होणे हुकले आणि तो दिग्दर्शक झाला. त्याचा पहिलाच चित्रपट 'अल हिलाल' (१९३५) हा रोमन आणि मुसलमान यांच्या संघर्षावरचा पोशाखी चित्रपट. सतरा वर्षांनी त्याने 'आन' काढला, रंगीत, तलवारी आणि घोड्यांचा. दिलीपकुमारचा शेतकरी गर्विष्ठ राजकन्येला नमवतो, गादीवर डोळा ठेवणाऱ्या प्रेमनाथशी लढतो. लंडनला या चित्रपटाचा खेळ झाला तेव्हा एरॉल फ्लिन समोर आला आणि रिवाजाप्रमाणे हाताचे चुंबन घ्यायला वाकला, तर आपण हात मागे घेतला, असे निम्मी पुढे मुलाखतींतून सांगत. राजकन्या झालेली नादिरा बगदादी यहुदी घराण्यातली होती. म्हणजे पडद्यावरच्या खोट्या बगदादशी खेळणाऱ्या या दुनियेत खरे बगदाद असे मागच्या दाराने आलेले होते.

आता मूळ प्रश्न. हे चित्रपट टिकले कशामुळे?

पहिले कारण अगदी साधे आहे. त्यांत लढाई दिसते. फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन 'रॉबिन हूड'मध्ये जिन्यावरून लढत खाली येतात तेव्हा कॅमेरा मागे सरून दोघांची पावले दाखवतो. मध्येच दोघे खांबाआड जातात आणि भिंतीवर नुसत्या सावल्या लढत राहतात. आजच्या चित्रपटात सेकंदाला दोन कापणी करून जे लपवले जाते ते तिथे उघड्यावर आहे. खरा तलवारबाज रॅथबोन होता, फ्लिन नव्हे. तरी 'कॅप्टन ब्लड', 'रॉबिन हूड' आणि टायरोन पॉवरचा 'झोरो' (१९४०), तिन्हींत मरायचे रॅथबोननेच. माझ्या मते या चित्रपटांचे निम्मे श्रेय हरणाऱ्या माणसाचे आहे. आपल्याकडे वासनांच्या 'चंद्रलेखा'त (१९४८) रंजनने तेच केले. त्यातले शेवटचे द्वंद्व पाहताना कुणी जिंकावे याचाच विसर पडतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांची पारख करणाऱ्या खानदेशी माणसाला कसब कशाला म्हणतात ते सांगावे लागत नाही.

दुसरे कारण आपल्या घरातले आहे. ही गोष्ट आपल्याला हॉलिवूडने शिकवलेली नाही. दास्ताने अमीर हमजातला अमर अय्यार म्हणजे वेषांतर करणारा, चोरी करणारा, बलदंडांना टोप्या घालणारा. झोरो आणि बगदादचा चोर हे त्याचेच पुतणे. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने त्या दास्तानचे ४६ खंड छापले, यावरून तिची भूक किती होती ते कळावे. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी आणल्या, 'हातिमताई'ही आला. उर्दू न वाचणाऱ्या मराठी मुसलमानाला अलिफ लैला भेटली ती बऱ्याचदा मराठीतूनच, शेजारच्या ब्राह्मणाच्या पोराला भेटली तशीच. म्हणून होमी वाडियांनी १९५० च्या दशकात 'अलादीन', 'अलिबाबा', 'हातिमताई' ओळीने काढले तेव्हा प्रेक्षक तयारच होता.

अडचण सुरू होते ती इथे. त्या पडद्यावर अहमद, अली, अबू ही आपली नावे नायकांची आहेत. चित्रपटगृहात बसलेल्या मुसलमान मुलाला असे सुख फार कमी वेळा मिळते. पण ते बगदाद कुणाचे? १९२४ च्या चित्रपटातले ते अवाढव्य शहर कॅलिफोर्नियात उभे केलेले. नाचणाऱ्या गुलाम मुली, फकीर, जादू, जनानखाना. मशिदीत शिरून बुजुर्गाची टर उडवणारा आणि शेवटी त्याच्याकडेच परतणारा चोर. एडवर्ड सईद यांचे 'ओरिएंटॅलिझम' १९७८ साली आले. त्यानंतर हे सगळे निर्मळ मनाने पाहणे कठीण झाले. २००३ च्या मार्चमध्ये अमेरिकेची क्षेपणास्त्रे बगदादवर पडताना टीव्हीने दाखवली, तेव्हा अनेकांना ते शहर आधी ठाऊक होते ते उडत्या गालिच्यामुळे. जे शहर लोकांच्या मनात मुळात खरे नसतेच, ते जळाले तर कितीसे दुःख होणार? हा आरोप मी सौम्य करणार नाही.

तरीही मी या चित्रपटांना टाकून देत नाही, आणि त्याचे कारण १९३८ चा 'रॉबिन हूड'. त्यातला नायक सॅक्सन, जुलमी सत्ता नॉर्मन. नायकाने नॉर्मन जातीचा द्वेष करावा अशी सगळी तयारी गोष्टीत आहे. पण रॉबिन स्पष्ट सांगतो की त्याचे वैर अन्यायाशी आहे, नॉर्मनांशी नाही. त्याची प्रेयसी नॉर्मन घराण्यातलीच. याहून मोठी गोष्ट म्हणजे राजा रिचर्ड. सलाहुद्दीनशी क्रूसेड लढायला गेलेला हा राजा इंग्रजांचा लाडका वीर. तो वेष पालटून जंगलात येतो तेव्हा रॉबिन त्याच्याच तोंडावर राजाला दोष देतो: घरी राहून रयतेला सांभाळायचे सोडून हा परमुलखात लढाया करत बसला. धर्मयुद्धाला गेलेल्या राजाला कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका, तोही करमणुकीच्या चित्रपटात! युरोपात हिटलरची सावली पसरत असताना हे लिहिले गेले, हे विसरता येत नाही.

सगळे चित्रपट असे धीट नाहीत. रफाएल सबातिनीच्या 'द सी हॉक' (१९१५) या कादंबरीचा इंग्रज नायक दगाफटक्याने गुलाम होतो, मुसलमान होतो आणि अल्जिअर्सच्या चाच्यांचा म्होरक्या बनतो. त्याचे नाव पडते सक्र-अल-बहर, समुद्राचा ससाणा. १९२४ च्या मूकपटाने ही कथा जवळजवळ तशीच ठेवली. १९४० मध्ये फ्लिनला घेऊन तोच चित्रपट पुन्हा निघाला तेव्हा नाव उरले आणि मुसलमान गायब झाला. त्याच्या जागी स्पेनशी लढणारा देशभक्त इंग्रज आला, कारण इंग्लंड तेव्हा युद्धात होते. गरज पडली की नायकाचा धर्म असा सहज कापता येतो.

आपल्या मराठी ऐतिहासिक चित्रपटाकडे या दोन नमुन्यांच्या मधोमध उभे राहून पाहावे. मास्टर विठ्ठल उतारवयात भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांत दिसू लागला. भालजींचे कसब नाकारण्याचे कारण नाही. पण तिथपासून तलवारीच्या चित्रपटात आपल्या वाट्याला एकच जागा आली, समोरची. पूर्वीच्या खलनायकाला निदान रॅथबोनसारखी ऐट असे. अलीकडे तीही काढून घेतली आहे. २०१८ च्या 'पद्मावत'मधला खिलजी जेवतो तेव्हा प्राणी वाटावा अशी योजना आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला. पुढच्या महिन्यात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल पेटली, तेव्हा या चित्रपटाने लोकांचा औरंगजेबावरचा राग जागा केला असे खुद्द मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले. संभाजीराजांचे हाल हा इतिहास आहे. तो दाखवू नये असे कुणी शहाणा मुसलमान म्हणणार नाही. माझा प्रश्न रॉबिनचा आहे: चित्रपट संपल्यावर प्रेक्षक कुणाचा राग घेऊन बाहेर पडतो, जुलमाचा की शेजाऱ्याचा?

मालेगावच्या पोरांनी याला आपल्या परीने उत्तर दिले. शेख नासिरने २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. पुढे लूमवरचा किडकिडीत कामगार शफीक शेख सुपरमॅन झाला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने ते जगाला दाखवले. नायक व्हायला कुणाची परवानगी लागत नाही, हे त्यांनी यंत्रमागाच्या धुळीत सिद्ध केले. पण ते विडंबन होते. हसण्याआड राहून नायक होता येते. सरळ तोंडाने नायक होण्याची गोष्ट अजून बाकी आहे.

ती गोष्ट तयार पडलेली आहे, तिला प्लायवूडचे बगदादही लागत नाही. ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडाऱ्याने मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला. इंग्रजांनी जहाजे आणून बेटाला वेढा दिला, जंजिऱ्याचा सिद्दी त्यांच्या मदतीला आला. महाराजांचे आरमार घेऊन त्यांच्यावर चालून गेला तो दौलतखान. म्हणजे मुसलमान दोन्ही बाजूंना, आणि कुणालाच त्यात नवल वाटले नाही. इंग्रजांचा कप्तान केग्विन हा फ्लिनने करावा असाच गडी होता. पुढे १६८३ मध्ये त्याने मुंबईत कंपनीविरुद्धच बंड केले. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या गलबतांनी इंग्रजी जहाजांवर झडप घातली. 'डव्ह' नावाचे त्यांचे गुराब मराठ्यांच्या हाती लागले, केग्विनच्या 'रिव्हेंज'ने मात्र झुंज देऊन स्वतःला वाचवले. त्यानंतरही वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागच्या जागी अडकून राहत आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्री वल्ही मारत, उथळ पाण्यातून त्यांना चुकवून बेटावर रसद उतरवत. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह करून बेटाचा नाद सोडला. सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले आणि दौलतखानाला पुन्हा बाहेर पडावे लागले.