पाठसंपादक यंत्राची पाठनिष्ठा

सांगली, मिरज आणि कुपवाड ह्या तीन गावांची मिळून १९९८ साली एक महानगरपालिका झाली. ह्या तीन नावांवर संगणकात एका विशिष्ट प्रकारचा आघात झाला, तर पहिली दोन सहीसलामत परत येतात आणि कुपवाडचा उकार मात्र धोक्यात येतो. ह्या भेदाचे कारण गावांत नसून अक्षरांमागील अंकांत आहे. परंतु व्यवहारात ज्यास टेक्स्ट एडिटर म्हणतात तो पाठसंपादक, अवैध वर्णसंकेत समोर आला असता कसा वागतो, ह्याची परीक्षा पाहण्यास हे उदाहरण फार सोयीचे आहे.

यूटीएफ-८ ही लेखनपद्धती केन थॉम्प्सन व रॉब पाइक ह्यांनी १९९२ मध्ये योजिली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनी लिहिले जाते. 'कुपवाड' ह्या नावात क, उकार, प, व, काना आणि ड अशी सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट. त्यांपैकी उकाराचे बाइट २२४, १६५ व १२९ हे होत. आता एखाद्या संपादकाने ही फाइल विंडोज-१२५२ ह्या पश्चिम युरोपीय संकेतप्रणालीतील समजून उघडली, तर प्रत्येक बाइटास एकेक लॅटिन चिन्ह मिळते आणि पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांग उभी राहते. हे दृश्य भयंकर असले तरी हानी अद्याप झालेली नसते. उलट क्रिया केली की मूळ पाठ हाती येतो. अडचण निराळीच आहे. विंडोज-१२५२ च्या कोष्टकात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ ही पाच घरे रिकामी आहेत. रिकाम्या घरी आलेल्या बाइटास कोणी अदृश्य नियंत्रणचिन्ह म्हणून सांभाळतो, कोणी त्याच्या जागी प्रश्नचिन्ह घालतो, कोणी तो मुकाट्याने गाळतो. सांगली व मिरज ह्यांच्या बाइटांत हे पाच अंक येत नाहीत. कुपवाडच्या उकारात १२९ येतो.

हीच गत हलन्तचिन्हाची, कारण त्यात १४१ येतो. म्हणजे जोडाक्षरे गेलीच. 'ए'मध्ये १४३, 'ऐ'मध्ये १४४, 'झ'मध्ये १५७. भाषाभ्यासकाने येथे विशेष सावध असावे. लेखनिकाचे प्रमाद सहसा अनियमित असतात. हा लोप मात्र ध्वनिनियमासारखा निरपवाद दिसतो. अशा पाठांच्या संग्रहावरून एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने उद्या झकारलोपाचा सिद्धान्त मांडला, तर दोष सर्वस्वी त्याचा म्हणता येणार नाही!

मग संपादकाने काय करावे? हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. पाठचिकित्साशास्त्राने तो पूर्वीच हाताळला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. तीत जेथे पाठ निःसंशय ठरत नाही, तेथे त्याखाली नागमोडी रेषा दिलेली आहे. वाचकाचे वाचन थांबत नाही, पण संशयाची जागा त्याच्यापासून लपविलीही जात नाही. आणि हस्तलिखितांतील पाठभेद तळटीपेत जसेच्या तसे राहतात. महानुभावांच्या सकळ लिपीचा दाखलाही येथे उपयोगी पडेल. ती लिपी पंथाबाहेरच्यांना वाचता येत नव्हती. तरी पोथ्यांतील चिन्हे शाबूत होती, म्हणूनच राजवाडे ह्यांना तिची उकल करता आली. प्रत्येक अनोळखी चिन्हाच्या जागी एकच ठिपका दिला असता, तर उकलण्यास काय उरले असते?

दुर्दैवाने आजचे कित्येक संपादक नेमके हे ठिपक्याचे काम करतात. अवैध बाइट दिसला की ते त्याजागी युनिकोडचे प्रतिस्थापनचिन्ह मांडतात. काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह म्हणून ते सर्वांच्या परिचयाचे आहे. दाखविण्यापुरते हे ठीक आहे. वाचणाऱ्या प्रोग्रामास, उदाहरणार्थ ब्राउझरास, हा नियम शोभतो, कारण तो वाचलेले परत लिहीत नाही. संपादक लिहितो. वापरणाऱ्याने दुसऱ्याच ओळीतील एक स्वल्पविराम बदलून फाइल जतन केली, की मूळ बाइट जाऊन तेथे २३९, १९१, १८९ हे प्रतिस्थापनचिन्हाचे बाइट येतात. नाना प्रकारचे दोष एकाच चिन्हात विलीन होतात आणि परतीची वाट बंद होते. वाचकाचा नियम संपादकाने उसना घेतला, हे ह्या पद्धतीचे मूळ वैगुण्य होय.

मराठीच्या दृष्टीने हे वैगुण्य क्षुल्लक नाही. १९९१ च्या इस्की ह्या भारतीय मानकात भारतीय लिप्यांची अक्षरे १६१ पासूनच्या अंकांवर बसविलेली आहेत. युनिकोडपूर्व फॉन्टांतही १२७ च्या वरची घरे सढळ हाताने वापरली गेली. अशी जुनी फाइल यूटीएफ-८ समजून उघडली, तर एखादे अक्षर नव्हे, बहुतेक सर्व मजकूर अवैध ठरतो. ती तशीच जतन झाली, तर पानेच्या पाने एकाच प्रश्नचिन्हाची होतात. अशा लेखनाचे युनिकोडमध्ये रूपान्तर करणारी साधने आहेत. पण त्यांना मूळ बाइट हवे असतात.

दुसरे टोक म्हणजे फाइल उघडण्यासच नकार देणे, किंवा आरंभीच वापरणाऱ्यास संकेतप्रणाली विचारणे. कचेरीतील लिपिकास हा प्रश्न विचारणे म्हणजे पोथी वाचावयास आलेल्या माणसास दारातच तिच्या कागदाचा काळ विचारण्यासारखे आहे. व्हिमचा मार्ग मधला आहे. तो बहुधा संपूर्ण फाइल लॅटिन-१ म्हणून उघडतो. त्यात एकही बाइट नष्ट होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण एका दोषापायी निर्दोष पानेही अवाच्य होतात. माझ्या मते ईमॅक्सची रीत सर्वांत ग्राह्य. यूटीएफ-८ म्हणून उघडलेल्या पाठातील अवैध बाइट तो कच्च्या रूपात राखतो, अष्टमान अंकांनी पडद्यावर दाखवितो आणि शेजारचा मजकूर सुवाच्य ठेवतो. पायथॉन ह्या भाषेनेही २००९ मध्ये अवैध बाइटांस राखीव संकेतांक देऊन ते लिहिताना जसेच्या तसे परत करण्याची सोय केली. तेव्हा हे अशक्य आहे अशी सबब चालणार नाही. शोध घेताना व मजकूर निवडताना अडचणी येतात हे खरे. परंतु कच्चा बाइट हे एक स्वतंत्र स्थान मानले की त्यांपैकी बऱ्याच मिटतात. विचारावयाचेच असेल, तर जतन करताना काही नष्ट होणार असेल तेव्हाच विचारावे. एरवी समासात लहानशी खूण पुरे.

आता कुपवाडकडे परत येऊ. १२९ हा बाइट गाळला गेला आहे आणि उलट क्रिया केल्यावर ककारापुढे २२४ व १६५ हे दोनच अनाथ बाइट उरले आहेत असे धरा. ते राखले असतील तर निष्कर्ष सरळ आहे. ककाराला काना किंवा ऱ्हस्व वेलांटी नव्हती, कारण त्यांचा मधला बाइट १६४ असतो. गाळलेला बाइट रिकाम्या पाच घरांपैकीच असणार. १६५ नंतर ही पाच घरे घेतली तर उकार, हलन्त, एक काश्मिरी स्वरचिन्ह, ओंकार आणि हिंदीतील नुक्तायुक्त 'ढ' एवढीच चिन्हे संभवतात. मराठी नावात ककारापुढे त्यांपैकी उकार वा हलन्तच येऊ शकेल, आणि 'क्प' हे जोडाक्षर मराठीत शब्दारंभी येत नाही.