विलंबित लयीचा प्रेक्षक

चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा महाराष्ट्रातील चित्रगृहांना कुलपे होती. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. व्हेनिसच्या महोत्सवात सप्टेंबर २०२० मध्ये पटकथेचा पुरस्कार मिळवून आलेला हा चित्रपट. २००१ च्या 'मान्सून वेडिंग'नंतर त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत पोहोचलेला पहिला भारतीय चित्रपट. तो मराठी रसिकाने पाहिला दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, नाहीतर अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला हेमंत ढोमे दिग्दर्शित 'झिम्मा' चित्रगृहांत लागला. निम्म्याच आसनांना परवानगी होती. तरीही बायकांचे घोळकेच्या घोळके तो पाहायला घराबाहेर पडले. एकाच भाषेतले, एकाच वर्षातले हे दोन चित्रपट शेजारी ठेवले, तर महामारीने आपल्या चित्रपट पाहण्याच्या सवयीचे काय केले याचा थोडाफार उलगडा होईल.

घटनाक्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. मार्च २०२० मध्ये चित्रगृहे बंद झाली. त्याच महिन्यात प्रदर्शित व्हायचा 'सूर्यवंशी' अडकून पडला. १२ जून २०२० रोजी शूजित सरकार यांचा 'गुलाबो सिताबो' चित्रगृहाचे तोंड न पाहता थेट प्राइम व्हिडिओवर आला. चित्रगृहचालकांनी त्याआधीच उघड नाराजी व्यक्त केली होती. परंतु निर्मात्यांच्या डोक्यावर व्याज चढत होते आणि पडदे कधी उजळतील हे कुणालाच सांगता येत नव्हते. महाराष्ट्रातील चित्रगृहे ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी दुसऱ्यांदा उघडली. दीड वर्षाहून अधिक काळ वाट पाहिलेला 'सूर्यवंशी' ५ नोव्हेंबरला झळकला, आणि महिनाभरात तोही घरच्या पडद्यावर येऊन दाखल झाला. मधल्या काळात प्रेक्षक एक गोष्ट शिकला होता : थोडे थांबले की चित्रपट आपल्या दाराशी येतो.

मात्र घरी बसून चित्रपट पाहणे हे काही महामारीचे अपत्य नव्हे. दूरदर्शनवरचा शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. आळीत एखाद्याच घरी संच असे. त्या घरची मंडळी कॉटवर, शेजारपाजारची मुले जमिनीवर आणि उशिरा आलेली माणसे दारात उभी. चित्रपट घरात चालला असला, तरी त्या घराचे दोन-अडीच तासांपुरते चित्रगृह झालेले असे. मधेच थांबवायची सोय नव्हती, मागे नेण्याची नव्हती. वीज गेली तर सर्वांचीच जाई आणि हळहळही सामुदायिक असे. म्हणून घर आणि चित्रगृह यांच्यातला भेद पडद्याच्या लांबीरुंदीत शोधणे पुरेसे नाही. चित्रपट थांबवण्याचा अधिकार कुणाच्या हाती आहे, आणि तो पाहताना शेजारी कोण बसले आहे, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. ओटीटीने या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बदलली. थांबवण्याचा अधिकार आता एकट्या प्रेक्षकाच्या बोटात आला आणि शेजारची जागा बहुधा रिकामी झाली.

या बदलाची कसोटी 'द डिसायपल'ने जितकी कठोरपणे लावली, तितकी क्वचितच दुसऱ्या चित्रपटाने लावली असेल. कारण ऐकणे हाच त्याचा विषय आहे. शरद नेरूळकर हा हिंदुस्थानी संगीताचा एक निष्ठावान शिष्य. गुरू वृद्ध आणि आजारी. त्यांची सेवा करावी, रियाज करावा आणि मोजक्या श्रोत्यांसमोर गावे, असे त्याचे आयुष्य. गुरूंच्याही गुरू असलेल्या माईंनी आपले गाणे कधी ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही, अशी ख्याती. फितींवर उरली आहेत ती त्यांची व्याख्याने. रात्रीच्या सुनसान मुंबईतून शरद मोटारसायकलवरून संथपणे जातो आणि कानाला लावलेल्या यंत्रातून माईंचा आवाज त्याला साधनेचा, शुचितेचा, एकाकीपणाचा उपदेश करीत राहतो. हा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या अवघे अकरा दिवस आधी, १९ एप्रिल २०२१ रोजी, त्यांचे निधन झाले. ज्या बाईचे शब्द आता केवळ फितींवर उरले आहेत, तिचा तो आवाज ऐकताना त्या दिवसांत अनेकांच्या मनात काय दाटून आले असेल, ते वेगळे सांगायला नको.

ताम्हाणे यांची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. एकट्याने, मुद्रित स्वरूपात ऐकलेला आवाज शरदला बळ देतो आणि त्याच वेळी त्याला माणसांपासून तोडतो. माई त्याच्या कानात असतात तोवर त्या निर्दोष असतात. जुन्या संगीताचा एक जाणकार संग्राहक त्यांच्याविषयी काही कडू गोष्टी सांगू लागतो, तेव्हा शरदचा तोल सुटतो. मैफलीत मात्र असे कोणतेही संरक्षण नाही. तिथे आवाज चिरकला तर सर्वांसमोर चिरकतो. समोरच्या चेहऱ्यावरची शंका गाणाऱ्याला दिसते. आपल्या गाण्याच्या चित्रफितीखाली अनोळखी लोकांनी लिहिलेली मते शरद वाचतो, तेही एकट्यानेच. शेवटी लोकलच्या डब्यात एक फिरता गायक गात गात पुढे निघून जातो. त्याला सभागृह नाही, निमंत्रित श्रोते नाहीत. पण माणसांच्या गर्दीत, माणसांना उद्देशून तो गातो आहे. चित्रपट यावर कोणतेही भाष्य करीत नाही. कॅमेरा दूर उभा राहतो आणि प्रेक्षकाने थांबावे एवढीच अपेक्षा धरतो.

ही अपेक्षाच घरी मोडते. ताम्हाणे यांची चित्रचौकट रुंद आणि स्थिर असते. तिच्यात काय पाहायचे हे सांगितलेले नसते. नजर फिरत फिरत स्वतःहून तिथे पोहोचावी लागते. ख्यालातील विलंबित लयीसारखाच हा प्रकार आहे. सुरुवातीला काही घडत नाहीसे वाटते. बसून राहणाऱ्यालाच समेची ओढ कळू लागते. अंधाऱ्या सभागृहात उठून जाणे संकोचाचे असते, म्हणून माणूस बसून राहतो आणि त्या बसून राहण्यातूनच कधी कधी रसिक घडतो. घरी मात्र दहा सेकंद पुढे जाण्याची कळ बोटाखाली असते. नेटफ्लिक्सने २०२० मध्येच मोबाईलवर चित्रपटाचा वेग दीडपट करण्याची सोय दिली. विलंबित ख्याल दीडपट वेगाने ऐकणाऱ्याला आपण श्रोता म्हणणार नाही. मग चित्रपटाच्या बाबतीत तीच गोष्ट आपण सोय म्हणून का स्वीकारावी?

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की प्रस्तुत लेखक चित्रगृहाची आरती ओवाळतो आहे. परंतु न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. महामारी आली नसती, तर 'द डिसायपल'ला आपल्या चित्रगृहांनी किती खेळ दिले असते? मराठी चित्रपटाला चांगली वेळ मिळत नाही ही तक्रार जुनी आहे. ती इतकी वाढली की मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइम मिळावा, असा निर्णय राज्य सरकारला एप्रिल २०१५ मध्ये जाहीर करावा लागला. ज्याच्यात तारेतारका नाहीत, प्रमुख भूमिकांत अभिनेत्यांऐवजी गायक आहेत, असा संथ चित्रपट आडवेळच्या एखाद्या खेळापुरता लागला असता आणि आठवड्याभरात उतरला असता, हे भाकीत करायला ज्योतिषी नको. नेटफ्लिक्समुळे तो चित्रगृह नसलेल्या तालुक्याच्या गावी पोहोचला, जिना चढू न शकणाऱ्या वृद्धांपर्यंत पोहोचला, परदेशातल्या मराठी घरांतही पोहोचला. ज्या सभागृहाने त्याला नीट थारा दिला नसता, त्या सभागृहाच्या नावाने केवळ गळा काढणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चित्रपटाला सभागृहाची गरज होती. सभागृहाला मात्र त्याची गरज वाटली नसती. खरी खंत या विसंगतीची आहे, आणि ती करोनापूर्वीची आहे.

'झिम्मा'ची गोष्ट नेमकी उलट. सात निरनिराळ्या वयाच्या आणि स्वभावाच्या बायका घर मागे ठेवून इंग्लंडच्या सहलीला जातात, एवढेच त्याचे कथानक. इरावती कर्णिक यांचे लेखन सरळ आणि प्रसन्न आहे. काही प्रसंग ठरावीक वळणाने जातात, भावनांची उकल थोडी सोपी होते. छोट्या पडद्यावर पाहिला तर त्यातले फारसे काही निसटणार नाही. तरीही तो चित्रगृहातच पाहावा असे शेकडो बायकांना का वाटले असेल? दीड वर्ष त्या घरातच होत्या. सर्वांचे घरून काम, सर्वांची घरून शाळा, आणि या सर्वांचा स्वयंपाक तर नेहमीप्रमाणे त्यांच्याकडेच. घरातल्या पडद्यावर चित्रपट लागला तरी त्याच्या मध्यावर कुकरची शिट्टी होतेच. ज्याला आपण घरबसल्या मनोरंजन म्हणतो, त्यात घरी 'बसणे' कुणाच्या वाट्याला येते हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. 'झिम्मा'च्या प्रेक्षकवर्गाने त्याचे उत्तर तिकीटखिडकीवर दिले. मैत्रिणींबरोबर तीन तास बाहेर पडणे ही त्या चित्रपटाचीच पुढची पायरी होती. जून २०२३ मध्ये केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'च्या वेळी तेच दृश्य अधिक मोठ्या प्रमाणावर दिसले, तेव्हा ही लाट केवळ टाळेबंदीच्या उबगातून आलेली नव्हती हेही स्पष्ट झाले.

या दोन अनुभवांतून आपल्याकडे एक वाटणी पक्की होऊ लागली आहे. जल्लोष, हशा, गर्दी आणि भव्यता यांच्यासाठी चित्रगृह. चिंतन, शंका आणि शांतता यांच्यासाठी घर. निर्मात्यांना ती सोयीची वाटते, चित्रगृहचालकांना परवडते, प्रेक्षकालाही पटते. पण हीच वाटणी मला घातक वाटते. गंभीर कलाकृतीला घरी पाठवणे म्हणजे जिथे लक्ष सर्वांत सहज विचलित होते, तिथेच तिला वस्तीला पाठवणे. आणि केवळ जल्लोषासाठी चित्रगृह राखून ठेवणे म्हणजे माणसे एकत्र येऊन गप्पही बसू शकतात, एकत्र अस्वस्थ होऊ शकतात, ही शक्यता मोडीत काढणे. हसण्याला सोबत लागते हे आपण मान्य करतो. गप्प बसायलाही सोबत लागते हे विसरतो.

यावर उपाय कुणा मोठ्या संस्थेनेच करावा असे नाही. मराठी मुलखात फिल्म सोसायटीची परंपरा आहे. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चित्रपट दाखवते, त्यांवर चर्चा घडवून आणते. गावोगावी ग्रंथालये आहेत, शाळांची सभागृहे आहेत, आणि एक बरा प्रक्षेपक व पांढरी भिंत आता पूर्वीइतकी महाग राहिलेली नाही. रीतसर परवानगी काढून महिन्यातून एक चित्रपट वीस-पंचवीस माणसांनी न थांबवता पाहायचा आणि नंतर अर्धा तास बोलायचे, एवढे ठरवले तरी पुष्कळ होईल. पहिला चित्रपट म्हणून 'द डिसायपल' निवडावा. ज्यांनी तो २०२१ मध्ये तुकड्या-तुकड्यांनी पाहिला, त्यांनी तर अवश्य यावे. मोटारसायकलवरचा तो संथ प्रवास आणि माईंचा तो आवाज, शेजारी कुणीतरी श्वास रोखून ऐकत असताना, त्यांच्या कानांवर पहिल्यांदाच पडेल.