घनमीटरला किती युनिट? : एका मापाची चिकित्सा

शाळेच्या पुस्तकांतील जलशुद्धीकरणाची आकृती ठरलेली असते : तुरटी, निवळण टाकी, वाळूची गाळणी आणि शेवटी क्लोरीन. या आकृतीत विजेचा मीटर कोठेच दिसत नाही. वास्तविक पाणी उंचावर चढविणे आणि सांडपाण्यात हवा सोडणे ही दोन्ही कामे भरपूर वीज खातात. ही वीज कितपत कार्यक्षमतेने वापरली जाते हे सांगताना बहुधा एकच माप पुढे केले जाते : एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्यामागे किती युनिट लागले? माप सोपे आहे. पाण्याचा मीटर व विजेचा मीटर, एवढ्यावर भागते. तरीही या मापावर आमचे काही आक्षेप आहेत आणि ते वर्गात मांडण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप उंचीचा. हजार लिटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. ते एक मीटर वर उचलण्यास १००० × ९.८ × १ = ९८०० जूल ऊर्जा हवी. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. तेव्हा हे काम सुमारे ०.००२७ युनिटाचे झाले. आता समजा, अ गाव पाणी २० मीटर चढविते व घनमीटरला ०.१० युनिट खर्च करते. ब गाव १२० मीटर चढविते व ०.४५ युनिट खर्च करते. प्रचलित मापाने ब गाव उधळे ठरते. पण अ गावाचे खरे काम ०.०५४ युनिटाचे, म्हणजे कार्यक्षमता ५४ टक्के. ब गावाचे ०.३३ युनिटाचे, म्हणजे ७३ टक्के. निकाल उलटला! तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून उताराने मुंबईकडे वाहते; छत्रपती संभाजीनगरला मात्र जायकवाडीचे पाणी पंपांनी चढवावे लागते. या दोन शहरांचे आकडे शेजारी मांडले, तर तुलना भूगोलाची होईल, अभियंत्यांच्या कौशल्याची नव्हे.

दुसरा आक्षेप सांडपाण्याविषयी. मँचेस्टर येथे १९१४ साली आर्डर्न व लॉकेट यांनी मांडलेली सक्रिय गाळाची पद्धत आजही जगभर रूढ आहे. तीत सूक्ष्मजीव घाण खातात व त्यांना श्वसनासाठी हवा पुरवावी लागते. अशा केंद्राच्या विजेपैकी सामान्यतः निम्मी किंवा त्याहूनही अधिक वीज या हवेवर खर्च होते. म्हणजे येथे खरे काम पाणी हलविण्याचे नसून घाण काढण्याचे आहे. ही घाण ‘बीओडी’ने, म्हणजे सेंद्रिय द्रव्य खाताना सूक्ष्मजीवांना लागणाऱ्या ऑक्सिजनने मोजतात. समजा, एका केंद्राने बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमवरून २० वर आणला व घनमीटरला ०.४६ युनिट वापरले. घनमीटरमागे २३० ग्रॅम बीओडी गेला. म्हणजे किलोला २ युनिट. दुसऱ्या केंद्राच्या गटारांत पावसाचे पाणी शिरते. तेथे बीओडी ८० वरून २० वर आला व वीज लागली ०.२४ युनिट. घनमीटरच्या मापाने हे केंद्र जवळजवळ दुपटीने चांगले. किलोच्या मापाने किलोला ४ युनिट, म्हणजे दुपटीने वाईट! पावसाळा आला की काहीही न सुधारता आकडा सुधारतो, असे हे माप आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. हवेचे ब्लोअर बंद ठेवून सांडपाणी तसेच नदीत सोडणाऱ्या केंद्राचा आकडा सर्वांत उत्तम येईल. शुद्धतेचा उल्लेख नसलेले कार्यक्षमतेचे माप काम न करणाऱ्यालाच बक्षीस देते.

किलोचे मापही निर्दोष नाही. अमोनियातील एक ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होण्यास सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. अमोनियाही काढणारे केंद्र अधिक वीज घेईल. पण नदीतील माशांवर त्याचे उपकारही अधिक. म्हणून कोणताही आकडा एकटा छापू नये. पिण्याच्या पाण्याबाबत चढविलेली उंची व सांडपाण्याबाबत काढलेली घाण त्यासोबत हवीच. एकाच केंद्राचे यंदाचे व गतवर्षीचे त्याच महिन्याचे आकडे ताडून पाहण्यास घनमीटरचे माप उपयोगी आहे, हे आम्ही मान्य करतो.

योग्य मापन झाले की सुधारणेची जागा दिसू लागते. हवेच्या टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास असला की सहसा पुरे. रात्री सांडपाणी कमी येते; तेव्हाही ब्लोअर दिवसाच्याच जोराने चालले, तर ती हवा वाया जाते. गळतीचेही तसेच. पंपगृहातून निघालेल्या पाण्यापैकी ३० टक्के वाटेत गळाले, तर पंपगृहातील ०.४५ युनिटाचा हिशेब घरापाशी ०.६४ होतो. अशा वेळी नवा पंप घेण्याआधी नळ दुरुस्त करणे हीच ऊर्जाबचत होय.

शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या गच्चीवरील टाकीचे माप घ्या. विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून टाकीत पाणी पडते तेथपर्यंतची उंची मोजा. इतर उपकरणे बंद ठेवून टाकी भरण्यापूर्वीचा व नंतरचा मीटर वाचा. ५००० लिटर पाणी १२ मीटर चढविण्याचे काम ०.१६ युनिटाचे आहे. मीटरने ०.५ दाखविले, तर कार्यक्षमता ३२ टक्के. उरलेली वीज कोठे गेली, या प्रश्नावर वर्गाचा एक तास सहज रंगेल आणि पुस्तकातील आकृतीत मीटर कोठे काढायचा, हे मुले स्वतःच सांगतील.