‘गुलामगिरी’तील साम्य आणि मलिक अंबर

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा संवादरूप ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांस अर्पण केला. हे साम्य प्रेरक खरे, परंतु अपुरे आहे. पडेगावावरून जाणारा रस्ता खुलताबादेस पोहोचतो. तेथे मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियातून आणून विकलेला हा गुलाम निजामशाहीचा सूत्रधार झाला; खडकी (नंतरचे औरंगाबाद) वसवून त्याने नहरीने पाणी खेळविले. अस्पृश्यांना मात्र तळ्यातील पाण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. त्यांना जखडण्यास बाजार लागला नाही, जन्म पुरला. फुले यांचा गुलामही धर्मग्रंथांनीच घडविलेला आहे. १९७२ मध्ये दलित पँथरने अमेरिकन कृष्णवर्णीयांशी नाते जोडल्यानंतरच्या समीक्षेत नेमका हाच भेद पुसट झाला.