संशयाचा आस्वाद : ‘रिॲलिटी शो’च्या स्वरूपाविषयी

‘रिॲलिटी शो’ या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द अद्याप मिळालेला नाही. ‘वास्तवदर्शन’ म्हणावे, तर वास्तववादी कथा-कादंबरीने तो शब्द पूर्वीच आपलासा करून ठेवला आहे. ‘सत्यदर्शन’ म्हटले, तर खुद्द प्रेक्षकच हसेल. ‘प्रत्यक्ष’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. परंतु प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियांसमोर घडणारे, आणि येथे जे दिसते ते घडून गेल्यावर, कापून, जोडून, वर संगीत चढवून मग आपल्यापुढे येते. भाषांतराचे काम वर्षानुवर्षे केलेल्या माणसाला एक गोष्ट अनुभवाने कळलेली असते : प्रतिशब्द सापडत नाही तेव्हा दोष नेहमीच आपल्या भाषेच्या दारिद्र्याचा नसतो, पुष्कळदा मूळ शब्दच स्वतःच्या अर्थाशी प्रामाणिक नसतो. प्रस्तुत शब्दाचे तसे आहे काय, आणि असल्यास या प्रकाराचे विलक्षण आकर्षण त्या अप्रामाणिकपणातच साठलेले आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

असल्या करमणुकीची दखल साहित्यसमीक्षेने का घ्यावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. व्यक्तिरेखा, प्रसंग, संघर्ष, रहस्य, उत्कर्षबिंदू ही कथा-नाटकाची सर्व सामग्री येथे वापरली जाते. ती वापरणाऱ्याची गाठ ज्या प्रेक्षकाशी पडते, तोच दुसऱ्या दिवशी आपला वाचक असतो. रात्री नऊ वाजता त्याला ज्या रीतीने पाहण्याची सवय लागते, त्या रीतीने तो उद्या कादंबरी वाचू लागेल.

प्रारंभी एक भेद केला पाहिजे. या एकाच नावाखाली दोन भिन्न प्रकार वावरतात. पहिला कौशल्याच्या स्पर्धेचा. मराठी ‘सा रे ग म प’च्या ‘लिटल चॅम्प्स’ या पर्वाने २००८-०९ मध्ये महाराष्ट्राला घरोघरी खिळवून ठेवले, तेव्हा त्यात मुलांचे गाणे होते, आणि गाण्याला सुराची कसोटी असते. अशा कार्यक्रमांत स्पर्धकाच्या घरची हलाखी वा आईवडिलांचे अश्रू गाण्याआधी दाखवण्याची प्रथा पडली असली, तरी षड्ज लागला की नाही हा प्रश्न त्याहून स्वतंत्रपणे शिल्लक राहतो. दुसरा प्रकार सहवासाचा. काही माणसे एका घरात कोंडायची, बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध तोडायचा, भिंतीभिंतीवर कॅमेरे बसवायचे आणि एकेकाला क्रमाने घराबाहेर काढायचे. येथे गळ्याची किंवा पायांची परीक्षा नाही. माणसाच्या स्वभावाचीच परीक्षा आहे. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकारापुरते आहे.

त्याचा पूर्वज म्हणून ‘ॲन अमेरिकन फॅमिली’ या अमेरिकी मालिकेचा निर्देश करणे उचित ठरेल. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे राहणाऱ्या लाउड कुटुंबाचे दैनंदिन जीवन १९७१ मध्ये सुमारे सात महिने चित्रित करण्यात आले आणि १९७३ मध्ये तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ते १२ भागांत दाखवण्यात आले. पॅट लाउड ही गृहिणी आपल्या पतीला वेगळे होण्याचा निर्णय सांगते, तो प्रसंग कॅमेऱ्यासमोर घडला आणि साऱ्या देशाने पाहिला. चित्रण झाले होते सुमारे ३०० तासांचे. म्हणजे दर २५ तासांतून सुमारे एक तास प्रेक्षकांपर्यंत पोहोचला, उरलेले २४ टाकून दिले गेले. मालिका पाहिल्यावर कुटुंबाची तक्रार अशी होती, की हे आम्ही नव्हे. ती तक्रार खोटी मानण्याचे कारण नाही, आणि चित्रण बनावट होते असेही म्हणता येत नाही. दाखवलेला प्रत्येक क्षण घडलेला होता. त्या क्षणांचा क्रम, त्यांचे परस्परांशी नाते आणि त्यांतून उभा राहणारा अर्थ मात्र दुसऱ्याचा होता. पुढे १९७४ मध्ये पॅट लाउड यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. स्वतःच्या आयुष्याची रचना स्वतःच्या हाती परत घेण्याचा तो प्रयत्न होता, असे मला वाटते.

या घटनेत प्रस्तुत प्रकाराची व्याख्या दडलेली आहे. येथे जगणारा एक असतो आणि रचणारा दुसरा. आत्मचरित्रात हे दोघे एकाच देहात नांदतात. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. जगलेला आणि लिहिणारा यांच्यातील अंतर लेखकाने तेथे स्वतःहून उघडे केले आहे, आणि त्या अंतराची वेदना हाच त्या पुस्तकाचा एक विषय झाला आहे. चरित्रात जगणारा व रचणारा वेगळे असतात हे खरे. परंतु चरित्रकार घडून गेलेल्या आयुष्याकडे मागे वळून पाहतो, ते घडवीत नाही. आपल्या विषयातील रचणारा प्रसंग निवडतो, आणि निवडण्याजोगे प्रसंग घडावेत म्हणून परिस्थितीही निर्माण करतो. लाउड कुटुंबाच्या घराला कुलूप नव्हते, बक्षीस नव्हते, कोणी कोणाला बाहेर काढत नव्हते. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या ‘बिग ब्रदर’ने या तिन्ही गोष्टी आणल्या. २००६ मध्ये तोच साचा ‘बिग बॉस’ या नावाने हिंदीत आला आणि २०१८ मध्ये लोणावळ्यात उभारलेल्या घरातून मराठीत.

या नामांतराकडे भाषांतरकाराचे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. ऑर्वेलच्या १९४९ च्या कादंबरीतील सत्ताधीश स्वतःला ‘भाऊ’ म्हणवून घेतो. जुलमावर नात्याची शाल पांघरतो, आणि त्या नात्यातच कादंबरीचा उपरोध आहे. डच निर्मात्यांनी नाव उचलले, उपरोध सोडला. आपल्याकडे तर भाऊही गेला आणि मालक उरला. शिवाय त्या घरात घुमणारा चेहरा नसलेला आवाज स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात आणि आदरार्थी बहुवचनात करतो. ‘मी’ असे तो म्हणत नाही. बोलणारा कोण, हुकूम कोणाचा, हे विचारण्याची सोयच व्याकरणाने काढून घेतली आहे. रचणाऱ्याला अदृश्य ठेवण्याची याहून चतुर युक्ती सापडणे कठीण.

आता आकर्षणाचा प्रश्न. दुसऱ्याच्या घरात चोरून डोकावण्याची माणसाची जुनी खोड हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते. पण चोरून पाहण्यातील गंमत पाहिल्या जाणाऱ्याला पत्ता नसण्यात असते. येथे तर प्रत्येकाला कॅमेऱ्याची जागा ठाऊक आहे. ‘आपल्यासारखी साधी माणसे पडद्यावर दिसतात’ हे दुसरे कारणही अपुरे आहे; आपल्याकडील अशा घरांत बहुधा नटनट्या आणि आधीच प्रसिद्धी पावलेली माणसे असतात. तिसरे कारण भांडणाचे. भांडणे मालिकांतही भरपूर असतात, तरी त्यांवर दुसऱ्या दिवशी कचेरीत वाद होत नाहीत.

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर आपल्या रसचर्चेतील शंकुकाच्या एका विचाराकडे पाहिले असता सापडते. शंकुकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत अभिनवगुप्ताने नोंदवले आहे. रंगभूमीवर रामाची भूमिका करणारा नट पाहताना आपल्याला होणारी प्रतीती कोणत्या जातीची, असा त्याचा प्रश्न. ‘हा राम आहे’ असे ते यथार्थ ज्ञान नव्हे. राम समजून फसलो, असे ते मिथ्या ज्ञानही नव्हे. ‘हा राम असेल की नसेल’ असा संशय तेथे नसतो, आणि ‘हा रामासारखा आहे’ अशी सादृश्याची जाणीवही नसते. चित्रातला घोडा पाहताना आपण ‘हा घोडा’ असे म्हणतो, तशी ही चारही प्रकारांहून निराळी प्रतीती असते. शंकुकाचे अनुकरणाचे मत पुढे अभिनवगुप्ताने खोडून काढले, तरी ‘चित्रतुरगा’चा दृष्टान्त टिकून राहिला, कारण खरे-खोटे करण्याच्या रोजच्या व्यवहारातून कला आपल्याला क्षणभर सोडवते, ही गोष्ट त्याने नेमकी पकडली होती.

सहवासाच्या या कार्यक्रमाने शंकुकाने वगळलेल्या चारांपैकी एक प्रतीती उचलली आणि तिच्यावर सगळा डोलारा उभा केला. ती म्हणजे संशय. कोणत्याही घरात हा कार्यक्रम चालू असताना कान देऊन ऐकावे. ‘हिचे रडणे खरे आहे का?’ ‘छे, कॅमेरा बघून रडते आहे.’ ‘पण काल आईचे पत्र आले तेव्हा?’ ‘ते मात्र खरे वाटले बरे का!’ आजी, सून, नातू सगळे या चर्चेत रमतात. हे सारे लबाडीचे आहे, असे ठणकावून सांगणारे काकाही खुर्ची सोडून उठत नाहीत. बनवाबनवी उघडकीस आली तर कार्यक्रम बुडेल, असे टीकाकारांना वाटत असते. ते चूक आहे. बनवाबनवीची शंका हेच त्याचे इंधन आहे. सर्व खरे आहे असे सिद्ध झाले तर तो कंटाळवाणा होईल. सर्व लिहिलेले आहे असे सिद्ध झाले तर ते एक सुमार नाटक ठरेल. मुखवटा कोणत्या क्षणी गळून पडतो, हे टिपण्यासाठी प्रेक्षक डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो.

हा आनंद क्षुद्र आहे असे मी म्हणणार नाही. माणूस ओळखण्याची भूक फार जुनी आणि योग्य आहे. क्वचित या प्रकारातून अनपेक्षित सत्यही बाहेर पडते. जानेवारी २००७ मध्ये ब्रिटनमधील ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’च्या घरात शिल्पा शेट्टी यांना जी वागणूक मिळाली, तिच्याविरुद्ध तेथील नियामक संस्थेकडे ४४ हजारांहून अधिक तक्रारी गेल्या आणि वर्णद्वेषाची चर्चा दोन्ही देशांत झाली. नाटककाराने असे संवाद लिहिले असते, तर कदाचित त्याच्यावर अतिशयोक्तीचा आरोप झाला असता. एवढे श्रेय या प्रकाराला दिलेच पाहिजे. तथापि त्या प्रसंगाचा शेवट लक्षात घ्यावा. प्रेक्षकांनी मते दिली, शेट्टी विजयी झाल्या, आणि निकाल लागल्याचे समाधान सर्वांना मिळाले. संशयाची परिणती निवाड्यात होते. तेवढ्यावर प्रकरण मिटते. सहृदयाच्या जागी येथे न्यायाधीश बसतो. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले, त्यात दुःख रामाचे न राहता मनुष्यमात्राचे होते. या घरातील दुःख शेवटपर्यंत त्या विशिष्ट व्यक्तीचेच राहावे लागते. ते सर्वांचे झाले, तर मत कोणाला द्यायचे?

मराठी वाचकाला येथे तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (प्रथम प्रयोग १९६७) आठवेल. वेळ घालवण्यासाठी मांडलेला लटक्या खटल्याचा खेळ, आरोपीच्या पिंजऱ्यात लीला बेणारे, आणि खेळाच्या नावाखाली तिच्या खाजगी आयुष्याचे काढलेले वाभाडे. हा खेळच आहे, असे प्रत्येक जण सांगत असतो, आणि खेळ असल्यामुळेच प्रत्येकाला हवे ते बोलण्याची मुभा मिळते. बंद दार, नियम, साक्षी, निकाल, आणि शेवटी ‘मनावर घेऊ नकोस’ असे सांगून रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागणारी मंडळी : ‘रिॲलिटी शो’ची संपूर्ण यंत्रणा तेंडुलकरांनी आधीच मांडून ठेवली होती. अंतर एकच आहे, पण ते निर्णायक आहे. नाटक आपल्याला त्या कोर्टाकडे पाहायला लावते, आणि पाहता पाहता त्यातील सुखात्मे, काशीकर आपल्यातही आहेत हे ध्यानात येऊन आपण अस्वस्थ होतो. कार्यक्रम आपल्याला त्या कोर्टातच बसवतो; तेथून कोर्ट दिसत नाही, फक्त आरोपी दिसतो.

आणि आणखी एक गोष्ट. पडदा पडल्यावर बेणारेची भूमिका करणाऱ्या सुलभा देशपांडे उठत, रंग पुसत आणि घरी जात. भूमिका रंगमंचावर राहत असे. कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्याला पुसण्यासाठी रंगच नसतो. त्याचीच मुद्रा, त्याचेच नाव, त्याचाच आवाज वापरून दुसऱ्याने रचलेली व्यक्तिरेखा तो बाजारात, नातेवाइकांत, नोकरीच्या ठिकाणी वागवत राहतो. ब्रिटनमध्ये मे २०१९ मध्ये ‘द जेरेमी काइल शो’ या कौटुंबिक तंट्यांच्या कार्यक्रमात भाग घेतलेल्या एका व्यक्तीच्या मृत्यूनंतर तो कार्यक्रम बंद करण्यात आला. तेथील संसदीय समितीने अशा कार्यक्रमांची चौकशी हाती घेतली, आणि सहभागी व्यक्तींच्या हिताविषयीचे नवे नियम २०२१ मध्ये अमलात आले. कलाप्रकाराच्या व्याख्येचा प्रश्न हा केवळ पंडितांचा प्रश्न नाही, याची ही कठोर आठवण आहे.

मग समीक्षेने काय करावे? नाके मुरडणे सोपे आहे, आणि व्यर्थही. ‘खरे की खोटे?’ या वादात उतरणे म्हणजे रचणाऱ्यालाच साहाय्य करणे. समीक्षेचा जुना आणि साधा प्रश्न येथे विचारला पाहिजे : ही रचना कोणाची? ३०० तासांतून हे १२ कोणी निवडले, कोणाच्या रडण्यावर कोणते संगीत घातले, कोणाचे हसणे कोणत्या वाक्याशेजारी आणून ठेवले? या प्रकाराला लेखक असतो; लेखक म्हणून त्याचे नाव मात्र छापले जात नाही. कादंबरीकाराने आपल्या पात्राला क्रूर वागणूक दिली, तर आपण त्याला जाब विचारतो. येथे पात्र जिवंत आहे, म्हणून जाब अधिक कडकपणे विचारला पाहिजे. तो विचारला जाऊ लागला, म्हणजे या प्रकाराला मराठीत काय म्हणावे तेही ठरेल. तोपर्यंत मूळ शब्द तसाच, परका म्हणून, अवतरणचिन्हांत ठेवावा हे बरे.